जुलाबांवरचा काढा, केमोच्या दारी

शी-शू हे दक्षिण चीनमधलं उंच वाढणारं झाड. अमेरिकेतल्या संशोधकांच्या हाती ते आलं कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी लागवडीतून. त्यातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य वेगळं काढून १९६६ साली त्याची रचना जाहीर केली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. यातले वाणी जन्माने नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषधही याच जोडीच्या नावावर जमा झालं. एवढं असून आपल्याकडे वाणींचं नाव फारसं कानावर येत नाही. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडामध्येही हेच द्रव्य असल्याचं १९७२ साली प्रसिद्ध झालं आणि पुढे कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या रानांत त्याची चोरटी तोड सुरू झाली. वाणींपेक्षा नरक्या आपल्याला जास्त ठाऊक आहे, तोही बहुधा पोलिसांनी पकडलेल्या ट्रकांच्या बातम्यांमुळे.

कॅम्प्टोथेसिन जहाल निघालं. लघवीतून रक्त जाणं, जुलाब, रक्तपेशी घटणं यांमुळे सत्तरीच्या दशकात त्याच्या चाचण्या आवरत्या घ्याव्या लागल्या. त्यातूनच मग याकुल्ट या जपानी कंपनीने (हो, इवल्याशा बाटलीतलं ते आंबटगोड पेय विकणाऱ्याच) इरिनोटेकॅन घडवलं. १९९४ साली ते जपानमध्ये आणि १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ते आजही वापरात आहे. जुलाबांनी मात्र पाठ सोडली नाही.

त्याचं कारण शरीराच्या आतल्या एका फेऱ्यात आहे. सलाईनमधून दिलेल्या इरिनोटेकॅनचं शरीरात एसएन-३८ या कितीतरी पट तीव्र रूपात रूपांतर होतं. यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून निकामी करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडून देतं. तिथले जिवाणू आपल्या विकराने ती जोडणी तोडतात. मोकळं झालेलं एसएन-३८ आतड्याच्या अस्तरावर तुटून पडतं. औषध दिल्यावर काही दिवसांनी सुरू होणाऱ्या या जुलाबांवर लोपेरामाइड देतात. ते आतड्याची हालचाल मंदावतं; सोलवटलेलं अस्तर मात्र तसंच राहतं. जुलाब आवरेनात तर केमोचं पुढचं सायकल लांबतं किंवा डोस कमी करावा लागतो, आणि नेमकं तेच डॉक्टरांना नको असतं.

येल विद्यापीठाचे युंग-ची चेंग हे औषधशास्त्रज्ञ. हेपटायटिस बी वरच्या लॅमिव्ह्युडिनच्या कामामुळे त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. या जुलाबांवर उपाय शोधताना ते सुमारे अठराशे वर्षांमागच्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथापर्यंत मागे गेले. झांग झोंगजिंग या वैद्याच्या या ग्रंथात जुलाबांवरचा हुआंग-छिन-तांग हा काढा आहे. त्यात चारच जिन्नस: हुआंग-छिनचं मूळ, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं. शेवटचे दोन आपल्याला परके नाहीत. त्यांचे सख्खे भाऊबंद आपल्या बटव्यात आणि बांधावर आहेत. या काढ्याची प्रमाणित भुकटी पीएचवाय-९०६ या नावाने तयार झाली. वनस्पती दर पिकाला थोडी बदलते, म्हणून प्रत्येक खेपेची रासायनिक आणि जैविक ओळख ताडून पाहण्याची पद्धतही या गटाने बसवली. माझ्या मते खरं काम हेच. उंदरांवरचे निकाल पुष्कळ काढ्यांचे चांगले येतात, पण आजचा काढा कालच्यासारखाच आहे हे फार थोडे लोक दाखवतात.

गाठी असलेल्या उंदरांवरचे निष्कर्ष २०१० साली ‘सायन्स ट्रान्स्लेशनल मेडिसिन’मध्ये आले. काढ्याने सुरुवातीची इजा टळली नव्हती. इरिनोटेकॅनने अस्तर सोललंच. पण काढा मिळालेल्या उंदरांत काही दिवसांतच मूळपेशींनी ते पुन्हा विणायला घेतलं आणि सूजही उतरली. गाठींवरचा औषधाचा मारा मात्र कमी झाला नाही. कॅन्सरतज्ज्ञाला सर्वात मोठी धास्ती याचीच असते, की आतड्याला वाचवणारी वस्तू गाठीलाही वाचवेल.

माणसांवर चाचण्या झाल्या, त्या लहान. आतड्याच्या, यकृताच्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे थोडेथोडे रुग्ण घेऊन केलेल्या. काढा सोसवतो एवढं त्यांतून दिसलं. जुलाब नक्की किती कमी होतात, याचा निवाडा एवढ्याशा आकड्यांवर करता येत नाही. जपानमध्ये हान्गे-शाशिन-तो हा हुआंग-छिन असलेलाच दुसरा काढा इरिनोटेकॅनसोबत देऊन पाहिला गेला. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांत तीव्र जुलाब कमी झाल्याची नोंद आहे, पण तो अभ्यासही छोटाच.

आणि ‘झाडपाल्याने काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी २००२ सालचा एक डच प्रयोग. नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही युरोपी वनस्पती इरिनोटेकॅनसोबत दिली, तेव्हा रक्तातलं एसएन-३८ ४२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे रुग्णाने केमोचा त्रास सोसायचा आणि औषध जवळजवळ अर्ध्यावर घ्यायचं. ज्येष्ठमधही निरुपद्रवी नाही: जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि जुलाबांनी ते आधीच उतरलेलं असतं. चाचणीत तपासली गेली ती एका ठरावीक प्रमाणाची, खेपेगणिक पडताळलेली भुकटी. त्याच चार नावांची दुकानातली पुडी ही वेगळी वस्तू आहे, आणि तिच्याविषयी या चाचण्या काहीच सांगत नाहीत.