फेब्रुवारीत मुंबईला हुडहुडी

रथसप्तमी झाली की थंडी ओसरते, हा सगळ्यांचा अनुभव. पण ९ फेब्रुवारी २०१२ रोजी मुंबईत सांताक्रूझला पारा ८.८ अंशांवर उतरला. मुंबईकरांनी स्वेटर शोधले, गंमतही केली. द्राक्षपट्ट्यात मात्र अशी थंडी म्हणजे चेष्टा नव्हे.

अवेळी थंडीचं मूळ बरेचदा दूर, हिमालयात असतं. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ तिथे बर्फ पाडून पुढे सरकतो आणि मागून कोरडे, बोचरे उत्तरेचे वारे थेट महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात. त्यात आभाळ निरभ्र असलं, की दिवसभर तापलेली जमीन रात्रीत उष्णता सोडून देते. थंड हवा जड, ती सखल भागात साचते. म्हणूनच महाबळेश्वरात गावापेक्षा वेण्णा तलावाकाठी गारठा जास्त. तिथल्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर कधी कधी दवबिंदूच गोठतात.

निफाडच्या द्राक्षबागांत तेव्हा मण्यांत साखर भरत असते. दुपारी ऊन, पहाटे कडाका, या तफावतीने हिरवे मणी गुलाबी पडतात. त्यालाच 'पिंक बेरी' म्हणतात, आणि निर्यातीत असा माल चालत नाही. मग बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात, विहिरीचं पाणी ठिबकने सोडतात. हे पाणी हवेपेक्षा कोमट असतं.

गहू, हरभरा मात्र खूश!