दीक्षाभूमीला निघताना थर्माकोलची पेटी

अशोक विजयादशमीला वस्तीतून गाडी करून नागपूरला निघायचं म्हणजे शिदोरी आलीच. चपाती, कोरडी चटणी, शेंगदाणे यांना बर्फ लागत नाही. भात मात्र नेऊच नये. शिजलेला भात उकाड्यात काही तास राहिला की त्यात जंतू विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

पेटी हवी ती लेकरांच्या दुधासाठी, उकडलेल्या अंड्यांसाठी आणि मुख्य म्हणजे इन्सुलिनसाठी. आदल्या दिवशी फ्रीज असलेल्या घरी पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवून घ्या. लादीचा बर्फ स्वस्त पडतो, पण त्याचं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही, आणि ते डब्यांत शिरतं. थंड हवा खाली उतरते, म्हणून काही बाटल्या वरच्या बाजूलाही ठेवा.

इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नका. एकदा गोठलं की ते निकामी होतं; वितळल्यावर दिसायला कधी पहिल्यासारखंच दिसतं, धोका तिथेच आहे. रुमालात गुंडाळून वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवा. गाडीच्या टपावरच्या सामानात तर मुळीच नको. पेटी नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, सावलीत ठेवलेलं छोटं मडकंही चालतं.