स्थानिक विकासनियोजनातील सहकार्याचे स्वरूप

स्थानिक आर्थिक विकासाच्या नियोजनात शासनास लोकांचे सहकार्य लाभावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु ‘सहकार्य’ या शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा बोध होतो. शासनाने आखलेल्या योजनेस लोकांनी श्रम व वर्गणी द्यावी, हा एक अर्थ. योजना कोणती असावी हे ठरविण्यातच लोकांचा वाटा असावा, हा दुसरा.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी आरंभ झालेल्या सामूहिक विकास योजनेत पहिला अर्थ प्रधान होता. ही उणीव ओळखून बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये निर्वाचित संस्थांकडे अधिकार सोपविण्याची शिफारस केली. तदनुसार महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या नियोजनकार्यास घटनात्मक आधार दिला. तथापि निधीवाचून योजना कागदावरच राहते. म्हणूनच केरळ शासनाने १९९६ मध्ये राज्याच्या योजनाखर्चापैकी ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरविले, ही गोष्ट महत्त्वाची होय.

निधीइतकाच साधनसंपत्तीवरील हक्कही निर्णायक असतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००६ च्या वनहक्क अधिनियमान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. या अधिनियमाने बांबू हे गौण वनोपज ठरविले होते. तरीही वनखात्याचा वाहतूक परवाना असल्यावाचून गावास तो बाहेर नेऊन विकता येईना. म्हणजे मालकी गावाची, परंतु बाजाराची वाट शासनाच्या हाती. एप्रिल २०११ मध्ये परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हाच बांबूची तोड व विक्री यांचे नियोजन गावास खऱ्या अर्थाने करता आले.

यावरून शासनाचे कार्य संपते असे मात्र नव्हे. तांत्रिक सल्ला, हिशेबतपासणी आणि दुर्बलांच्या हिताचे रक्षण ही कर्तव्ये त्याच्याकडेच राहतात. ग्रामसभेसही सर्वांना समजेल असा विचारविनिमय करावा लागतो. मेंढ्यात त्यासाठी अभ्यासगट व सर्वसहमतीचा निर्णय यांची प्रथा पडली आहे. सारांश, लोकांनी किती श्रमदान केले यापेक्षा शासनाची योजना नाकारण्याचा वा बदलण्याचा अधिकार त्यांना होता काय, हीच सहकार्याची खरी कसोटी होय.