दिवसा नोकरी, रात्री स्टोरी!

नेरकरांनो, आपल्या गावाचा डबल रोल माहीत आहे का? जुन्या ओळखीत ते नेर परसोपंत आणि नगरपरिषदेच्या पाटीवर नेर-नबाबपूर. गाव एकच, नावं दोन! मग दोन-दोन आयुष्यं जगणाऱ्या कथालेखकांच्या धमाल गोष्टी इथूनच सुरू करू या. ऑफिसची फाइल एका हातात, गोष्टीची वही दुसऱ्या हातात. चला, पंचिंग करा!

पहिला मान रेकॉर्डवाल्याचा. झुंजार आणि काळापहाड या नायकांचे जन्मदाते बाबुराव अर्नाळकर! १९३६ ते १९८४ या काळात १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपात आल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. हिशेब करा: महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं, तीही ४८ वर्षं! आणि पोटापाण्याचा धंदा? मुंबईत चष्म्याचं दुकान.

थांबा, योगायोग अजून बाकी आहे. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९१ मध्ये लंडनमध्ये डोळ्यांचा दवाखाना थाटला होता. पेशंट फिरकेनात, होम्स मात्र सुसाट सुटला. दोघं रहस्यकथांचे बादशहा आणि दोघांचीही नजर डोळ्यांवरच!

‘बेस्ट’ लेखक कोण, माहीत आहे का? श्री. ना. पेंडसे! मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये नोकरी करता करता त्यांनी कोकण कागदावर उतरवलं. ‘गारंबीचा बापू’ आला १९५२ मध्ये, तर १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ‘रथचक्र’ला. पुढे त्यांनी ‘बेस्ट उपक्रमाची कथा’सुद्धा लिहिली. आपल्याच ऑफिसचा इतिहास एका कादंबरीकाराच्या लेखणीतून! अशी लॉटरी किती कचेऱ्यांना लागते?

आता जरा दम धरून वाचा. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या तरुण मुलींच्या मनात काय काय चालतं, ते पहिल्यांदाच इतकं उघड छापून आलं. महाराष्ट्र हादरला. ही बाई आहे तरी कोण? टोपणनावाच्या पडद्याआड होत्या बाळूताई खरे, मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका! लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या सोलापूरच्या सेटलमेंटवर त्या अधिकारी म्हणून गेल्या आणि त्या नोकरीतूनच ‘बळी’ ही कादंबरी जन्माला आली. दिवसा ज्यांची नोंद सरकारी रजिस्टरात व्हायची, ती माणसं कादंबरीत रक्तामांसाची होऊन आली. नोकरीने साहित्याला दिलेला याहून मोठा बोनस मला तरी ठाऊक नाही.

टोपणनावाचं कोडं आवडतं? मग हे घ्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली आणि पहिली ठरली. लेखक: नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा बरं. ज. वि. ना. म्हणजे आपले जयंत विष्णू नारळीकर! आकाशातल्या कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्याने स्वतःच्या नावाचा प्रकाश बाहेर पडू दिला नाही. नाव वजा करून कथा कशी उतरते, हे त्यांना बघायचं होतं. उतरली ना, फर्स्ट क्लास!

रॅपिड फायर! रत्नाकर मतकरी: बँक ऑफ इंडिया. व. पु. काळे: मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट. अनंत सामंत: मर्चंट नेव्ही, म्हणूनच ‘एम. टी. आयवा मारू’ला खाऱ्या पाण्याचा वास आहे. आणि लाडक्या लंपनच्या गोष्टी लिहिणारे प्रकाश नारायण संत? खरं नाव भालचंद्र दीक्षित, कऱ्हाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. दगडांच्या माणसाने इतकं हळवं बालपण लिहावं, कमालच!

वेळ मिळत नाही म्हणता? इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपालखात्याचे अधिकारी. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. मग ड्यूटी! रस्त्यावर उभी असते ती खांबासारखी टपालपेटी ब्रिटिश टपालात आणण्याची शिफारसही त्यांचीच.

आपला जिल्हाही काही कमी नाही. यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर वकील, शिकारी आणि मराठी शायरीचे बादशहा, असा ट्रिपल रोल. कथा नाही, शायरी. पण आपल्या माणसाला या यादीत खुर्ची हवीच. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात दोनदा भरलं: १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष, २०१९ मध्ये अरुणा ढेरे. आणि त्या अध्यक्षपदावर सरकारी अधिकारीही बसले आहेत, माहीत आहे का? २०१८ मध्ये बडोद्याला लक्ष्मीकांत देशमुख, २०२२ मध्ये उदगीरला भारत सासणे.

तेव्हा नेरच्या शाळेतल्या मॅडम, बँकेतले साहेब, तहसीलमधले भाऊ, तुमच्या ड्रॉवरमध्ये एखादी गोष्ट पडून आहे का? दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. पाकिटावर पत्ता लिहून ठेवा. टोपणनाव हवं असेल, तर ‘परसोपंत’ काय वाईट आहे?