सकळ लिपी, साठ अंक आणि सरकारी मसुदा

मराठी पोथ्या पंजाबात शतकानुशतके धर्मग्रंथ म्हणून वाचल्या जात आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रातील पुष्कळांच्या गावीही नसते. चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ त्या प्रांतात जयकृष्णी या नावाने रुजला, आणि याच पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या दृष्टीपासून राखण्यासाठी सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्या योजल्या होत्या. नेहमीच्या अक्षराऐवजी ठरावीक निराळे चिन्ह, ही त्यांची मूळ युक्ती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाचे एक दालन अभ्यासकांस खुले झाले.

अशी लिपी आज ना उद्या फुटावयाचीच. कारण चिन्हे बदलली तरी भाषेच्या सवयी बदलत नाहीत, आणि कोणते अक्षर वारंवार येते हे मोजून गुप्त लेख उलगडता येतो, हे बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवले होते. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने त्यापुढचा सिद्धान्त मांडला : पद्धती शत्रूला संपूर्ण ठाऊक असली तरी हरकत नाही, केवळ किल्ली गुप्त राहिली पाहिजे.

चंडीगढच्या मनीमाजरा भागालगत २००५ साली सुरू झालेल्या माहिती-तंत्रज्ञान संकुलात नोकरीस आलेला एखादा मराठी तरुण घर भाड्याने घेताना आधारपत्राचे छायाचित्र घरमालकास व्हॉट्सॲपवर धाडतो, तेव्हा तो नकळत याच सिद्धान्ताच्या आश्रयास असतो. दोन्ही फोन आपापली एकेक गुप्त संख्या निवडतात, तिच्यावर सुलट करण्यास सोपे पण उलट करण्यास जवळजवळ अशक्य असे गणित करतात आणि केवळ उत्तरांची उघड देवघेव करून दोघांची सामाईक किल्ली सिद्ध करतात. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी प्रसिद्ध केलेली ही कल्पना मला गणिताच्या अत्यंत सुंदर देणग्यांपैकी एक वाटते. १२८ द्विमान अंकांची किल्ली घेतली, तर सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणाऱ्या यंत्रालाही सर्व शक्यता संपवण्यास विश्वाच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. मात्र कोणी कोणास, केव्हा संदेश पाठविला, ही नोंद या आवरणाबाहेरच राहते. संवादाची राखीव प्रतही निराळ्या किल्लीने बंद केल्यावाचून सुरक्षित नसते. ती सोय २०२१ पासून उपलब्ध आहे, आणि दोन्ही फोनांवरील साठ अंकी संकेतांक समोरासमोर पडताळून पाहण्याची सोयही आहे. वाचकांनी दोहोंचा अवश्य उपयोग करावा.

सरकारचा दृष्टिकोन मात्र दीर्घकाळ डळमळीत राहिला आहे. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ८४-अ कलम कूटलेखनाच्या पद्धती विहित करण्याचा अधिकार केंद्रास देते. त्याच्या आधारे सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय धोरणाचा मसुदा जाहीर झाला, आणि कूटबद्ध मजकुराची साधी, वाचनीय प्रत नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावी व मागणी होताच तपासयंत्रणेपुढे रुजू करावी, अशी तरतूद त्यात आढळताच एवढा गहजब झाला की २२ सप्टेंबरला तो मागे घ्यावा लागला. चोराच्या भयाने कुलूप लावणाऱ्या माणसास ऐवज तीन महिने ओसरीवर मांडून ठेवण्याचा तो हुकूम होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तरीही २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी आदेश येताच, संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी टाकली.

बालकांवरील अत्याचारांचा छडा लावणाऱ्या अधिकाऱ्याची निकड खोटी नाही, आणि मजकूर उघड करावा असे हा नियम म्हणत नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु उद्या कोणता संदेश तपासात येईल हे आज कोणासच ठाऊक नसल्यामुळे, प्रेषक सांगावयाचा तर सर्वांच्याच प्रत्येक संदेशावर माग ठेवावा लागणार. आणि असा माग एकदा निर्माण झाला म्हणजे तो वाचणारा हात सरकारी आहे की चोराचा, हे गणितास ओळखता येत नाही. आरोपीचा फोन रीतसर जप्त करून, साक्षीपुराव्यांच्या आधारे तपास करणे अधिक कष्टाचे असले, तरी त्याची झळ निरपराध कोट्यवधींना लागत नाही; म्हणून मला तोच मार्ग ग्राह्य वाटतो. या नियमाविरुद्ध व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि कूटलेखन मोडण्याची सक्ती झाल्यास आपली सेवा या देशात टिकणार नाही, असे कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयास सांगितले.