स्मृतींचे मुद्दल

दहावीची पहिली शालान्त परीक्षा महाराष्ट्रात १९७५ साली झाली आणि जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही त्याच वर्षी शाळेबाहेर पडली. या गोष्टीला २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. तेव्हापासून मुंबईच्या उपनगरांत पासष्टी ओलांडलेल्या 'विद्यार्थ्यां'चे मेळावे भरू लागले आहेत. सांताक्रूझमधील आमची शाळाही त्याला अपवाद नाही. पूर्वतयारीची पहिली बैठक प्रभात कॉलनीतील एका मित्राच्या घरी झाली. एकेकाळी वाकोल्याहून आणि कलिन्याहून पायी शाळेत येणारी मंडळी आता विरार, डोंबिवली आणि पुणे येथून आली होती. प्रारंभी अर्थातच आठवणी निघाल्या, मग चहा झाला आणि त्यानंतर अंदाजपत्रक पुढे आले.

साठ जण येतील, हॉलचे भाडे, भोजन, स्मृतिचिन्ह, छायाचित्रे आणि हयात शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार धरून दरडोई ३,५०० रुपये, म्हणजे एकूण दोन लाख दहा हजार रुपये खर्च येईल, असा हिशेब निघाला. त्यानंतर एकाने दिवंगत सहाध्यायांची आणि शिक्षकांची नावे वाचली. खोलीत काही काळ शांतता पसरली. आमच्या गणिताच्या सरांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवावी, अशी सूचना आली आणि ती एकमताने संमतही झाली. रक्कम किती, या प्रश्नाला मात्र "खर्च वजा जाता जे उरेल ते" असे उत्तर मिळाले. या उत्तरात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु अशा स्मृती शिष्यवृत्त्यांचे पुढे काय होते, याचे कारणही त्याच उत्तरात आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. तीत आमच्याआधीच्या तुकड्यांनी आणि काही पालकांनी ठेवलेल्या ठेवींची नोंद होती. एका पित्याने अकाली गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ १९८४ साली ५,००१ रुपये दिले होते. त्या काळी बँका दीर्घ मुदतीच्या ठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज देत. वर्षाला ५०० रुपये येत आणि तेवढ्यात एका विद्यार्थिनीची पुस्तके, वह्या, गणवेश असे सारे भागे. मुद्दल आजही शाबूत आहे. साडेसहा टक्क्यांनी त्याचे ३२५ रुपये होतात आणि दरवर्षी न चुकता एका मुलीच्या हाती ते पाकीट पडते. बाई म्हणाल्या, "एवढ्यात एक गाईड येत नाही हो. पण बंद कशी करणार? त्या गृहस्थांना शब्द दिलेला आहे."

शाळेने शब्द पाळला, दात्याने कर्तव्य केले, बँकेनेही ठरलेले व्याज दिले. तरीही त्या मुलीची शिष्यवृत्ती पन्नास वर्षेही टिकली नाही. ती महागाईने खाल्ली. मुद्दल अबाधित ठेवावे आणि व्याज खर्चावे हा आपल्याकडील निधींचा धर्म मानला जातो. परंतु रुपयांचा आकडा अबाधित राहिला म्हणजे रुपयाचे मोल अबाधित राहते असे नव्हे, हा साधा व्यवहार भावनेच्या भरात आपण विसरतो.

ही अडचण काही सांताक्रूझमधील एका शाळेपुरती नाही. नोबेल पारितोषिकाची रक्कम १९०१ साली दीड लाख स्वीडिश क्रोनरहून थोडी अधिक होती. सुरक्षित रोख्यांतच पैसा गुंतवण्याचे बंधन आणि करांचा बोजा यांमुळे तिचे खरे मोल उतरत गेले. १९४६ साली प्रतिष्ठानाला करमाफी मिळाली, १९५३ साली भागभांडवलात पैसा गुंतवण्याची मोकळीक मिळाली आणि तरीही पारितोषिकाला १९०१ सालचे मोल पुन्हा प्राप्त व्हायला १९९१ साल उजाडले. जगातील नामांकित अर्थतज्ज्ञ हाताशी असलेल्या संस्थेची ही कथा. मग शाळेच्या कपाटातील मुदतठेवीच्या पावतीची काय अवस्था होणार?

यावर कोणी म्हणेल, की शिष्यवृत्तीचे महत्त्व पैशांत मोजू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. जगन्नाथ शंकरशेट १८६५ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली संस्कृतची शिष्यवृत्ती आजही शालान्त परीक्षेतील यशाचे भूषण मानली जाते. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांनी ही शिष्यवृत्तीही मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. तरी त्यांच्या चरित्रात 'शंकरशेट स्कॉलर' हा उल्लेख आवर्जून येतो. तिथे रक्कम गौण, मान मोठा. परंतु हा मान आहे, आधार नव्हे. आधार कसा असतो, याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात सापडते. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासासाठी १९१३ पासून तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले. ती वृत्ती मुदतीची होती, पण त्या मुदतीत परदेशी राहून शिकता येईल इतकी होती.

मान आणि आधार या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच आपल्या शाळांतील स्मृतिनिधी निष्प्रभ झाले आहेत. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचा गौरव करायचा असेल तर एक चांगला ग्रंथ आणि व्यासपीठावरचे दोन शब्द पुरेत. परंतु आपण नाव 'शिष्यवृत्ती' असे देतो, रक्कम पारितोषिकाची ठेवतो आणि ती बहुधा ज्याचे तिच्यावाचून अडत नाही अशा मुलाला देतो. ज्याचे अडते, तो गुणवत्तेच्या यादीत वर नसतो. त्याच्या घरी एकच खोली असते, किंवा तो सकाळी कोठे तरी काम करून शाळेत येतो.

हा विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, हेही पाहिले पाहिजे. शिक्षणहक्क कायदा एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे संरक्षण वयाच्या सहाव्या ते चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारणपणे आठवीपर्यंत आहे. नववी आणि दहावी ही दोन वर्षे त्या छत्राबाहेर राहतात. परीक्षा शुल्क, पुस्तके, शिकवणी, रेल्वेचा पास आणि दहावीनंतर अकरावीच्या प्रवेशाचे पैसे या सर्व गोष्टी त्याच सुमारास एकदम अंगावर येतात. वर्षाला दहा हजार रुपये हाती आले तर गळू पाहणारा विद्यार्थी टिकेल, असे बाईंचे अनुभवाचे मत पडले. ३२५ रुपयांनी तो टिकणार नाही.

आता आमच्या निधीचा हिशेब मांडू. साठ जणांनी प्रत्येकी ५,००० रुपये दिले तर तीन लाख होतात. साडेसहा टक्के व्याजाने वर्षाला १९,५०० रुपये येतील. परंतु मुद्दलाचे मोल टिकवायचे, तर महागाई चार टक्के धरून त्यातले १२,००० रुपये मुद्दलात परत घातले पाहिजेत. उरले ७,५००, म्हणजे एका मुलाचीही गरज पुरती भागत नाही. याउलट मुद्दल आणि व्याज मिळून दहा वर्षांत संपवायचे असे ठरवले, तर त्याच तीन लाखांतून दरवर्षी सुमारे ४१,००० रुपये देता येतात. दरवर्षी चार मुले, दहा वर्षांत चाळीस. त्यांतल्या निम्म्यांनी जरी पुढची पायरी गाठली, तरी सरांच्या नावाला याहून मोठे स्मारक कोणते?

'मग दहा वर्षांनी सरांचे नाव पुसायचे काय?' असा प्रश्न बैठकीत विचारला गेला. तो अवघड होता. 'यावच्चंद्रदिवाकरौ' देण्याची हौस आपल्या रक्तात आहे. सांताक्रूझ पश्चिमेला जुहू तारा रस्त्यावर महिला विद्यापीठाचे आवार आहे. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी देऊन आपल्या आईचे, नाथीबाईंचे, नाव त्या विद्यापीठाला जोडले आणि ते नाव शतकानंतरही टिकून आहे. शेजारच्या पार्ल्यात लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९२१ साली, त्यांच्या नावाने शाळा उभी राहिली. परंतु ही नावे ठेवीच्या व्याजावर टिकलेली नाहीत. तेथे शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांमुळे टिकली आहेत.

शिवाय आमचे वय आणि शाळेचे भवितव्य यांचाही विचार केला पाहिजे. दहा वर्षांनी आमच्यापैकी किती जण सही करायला असतील, हे सांगता येत नाही. उपनगरांतील मराठी शाळांचे वर्ग ज्या गतीने रिकामे होत आहेत, ती पाहता पन्नास वर्षांनी शिष्यवृत्ती घ्यायला शाळा असेल, याची हमी कोण देणार? आमच्या वेळी एका वर्गात दाटीने बसणारी मुले असत; आज त्याच खोलीत मागचे बाक भिंतीला टेकवून ठेवले आहेत. तेव्हा जे द्यायचे ते आज शाळेत असलेल्या मुलांना, आमच्या डोळ्यांदेखत दिलेले बरे.

एवढे मान्य झाल्यावर काही पथ्ये ओघानेच येतात. वर्गणी मेळाव्याच्या खर्चाआधी निधीसाठी काढावी. उरलेल्यातून स्मृती जपली जात नाही. रक्कम शाळेच्या संस्थेकडे लेखी कराराने, या एकाच कारणासाठी राखीव म्हणून द्यावी आणि वर्षाकाठी हिशेब मागावा. शाळा बंद झाली वा दुसरीत विलीन झाली तर उरलेले पैसे कोठे जातील, हे करारातच लिहावे. विद्यार्थ्यांची निवड वर्गशिक्षकांवर सोपवावी, कारण घरची परिस्थिती त्यांनाच ठाऊक असते. आणि पाकीट घेणाऱ्या मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याचे छायाचित्र काढू नये. आमच्या गणिताच्या सरांनी कितीतरी मुलांची फी भरली, हे आम्हांला त्यांच्या निधनानंतर कळले.

आमचा मेळावा येत्या डिसेंबरात आहे. हॉलऐवजी तो शाळेच्याच प्रांगणात घ्यायचे ठरले आहे आणि जेवणात एक गोड पदार्थ कमी झाला आहे. निधीची पहिली रक्कम मात्र शाळेत जमाही झाली. नववीतील चार नावे बाईंनी निवडली आहेत. ती आम्ही विचारली नाहीत.