खनिजाचा पैसा, फुटबॉलचा भाव

डिचोली तालुक्यातील शिरगाव लोहखनिजासाठी ओळखले जाते, आणि गोव्याच्या फुटबॉलचा हिशेब खाणींना वगळून मांडता येत नाही, कारण पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो क्लब खाण-उद्योगातील घराण्याच्या आश्रयाने वाढला. पैशाचा हा प्रभाव जागतिक फुटबॉलमध्येही दिसतो: हस्तांतर शुल्क, म्हणजे करारबद्ध खेळाडू सोडण्यासाठी त्याच्या क्लबला मिळणारी रक्कम, १९७९ मध्ये इंग्लिश खेळाडू ट्रेव्हर फ्रान्सिससाठी सुमारे दहा लाख पौंड होती, तर २०१७ मध्ये ब्राझीलच्या नेमारसाठी ती २२ कोटी २० लाख युरो झाली. चलनवाढ, म्हणजे पैशाची घटती क्रयशक्ती, या झेपेचा लहानसाच भाग उलगडते, बाकीच्यातला मोठा वाटा प्रक्षेपण हक्कांच्या पैशाचा आहे. एका क्लबच्या खर्चाला माध्यमे ‘गुंतवणूक’ आणि दुसऱ्या क्लबच्या खर्चाला ‘उधळपट्टी’ म्हणतात, ही चाहत्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. गोव्यात मात्र धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले.